लाइट गेली तरी दुकान चालू : स्क्रिप्टशिवायही चालणारी वेबसाइट



या आठवड्याचा व्हिडिओ जरा तांत्रिक आहे. स्क्रीनवर दाखवलेल्या गोष्टी तुम्हाला शांतपणे वाचता याव्यात आणि वेबसाइट बनवणाऱ्याला जशाच्या तशा पाठवता याव्यात, म्हणून हा लेख. कोडिंग येत नसेल तरी चालेल. मलाही येत नव्हतं. मी बीबीए केलंय, इंजिनिअरिंग नाही.

आधी माझाच किस्सा सांगते, कारण हा धडा मी पैसे घालवून शिकले आहे.

७८ हजारांचा धडा

आमचं कराडला मसाले, चटण्या आणि लोणच्यांचं दुकान आहे. पप्पांनी सुरू केलं, आता मी बघते. दिवाळीत आम्ही फराळाचे गिफ्ट बॉक्सही करतो. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं वेबसाइट करून घेतली. पान उघडलं की मसाल्याचे फोटो हळूच वर सरकत यायचे, मेन्यू बाजूनं सरकत यायचा, कार्टचा आकडा टुणकन उडी मारायचा. मी खूश, बनवणारा खूश.

वसुबारसेच्या आधी पाटणकडच्या एका गावातून आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अगं, तुझं ते पान उघडतंय, पण नुसतं पांढरं दिसतंय. मध्ये एक गोल फिरतंय. दुकान बंद केलंस की काय?" मी म्हटलं, "काकू, तुमचं नेट स्लो असेल, परत एकदा बघा." आणि विसरून गेले.

भाऊबीज झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीत फोन केला. त्यांच्या ॲडमिनच्या साहेबांनी आधी १२० बॉक्सची चौकशी केली होती आणि पुढे काहीच कळवलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या साइटवर ऑर्डरचं बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. आमच्या ऑफिसच्या मशीनवर अनोळखी साइटच्या स्क्रिप्ट बंद असतात. वेळ कमी होता, मग दुसरीकडे ऑर्डर दिली."

१२० बॉक्स, ६५० रुपयांचा एक. म्हणजे ७८ हजारांची ऑर्डर एका बटणामुळे गेली. वेबसाइटचा खर्च ३५ हजार होता.

मी घरी येऊन चिडचिड केली, की लोक स्क्रिप्ट बंद का ठेवतात. पप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक दारात आलं आणि आपलं दार उघडलं नाही, तर चूक गिऱ्हाइकाची कशी?"

आजचा धडा या एका वाक्याचा आहे.

स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय?

वेबसाइटचं पान साधारण तीन थरांचं असतं.

पहिला थर एचटीएमएल. हा माल आणि त्याच्यावरची पाटी. मजकूर, भाव, फोटो, लिंक, फॉर्म हे सगळं यात येतं.

दुसरा थर सीएसएस. ही दुकानाची सजावट. रंग, अक्षरांचा आकार, कुठली गोष्ट कुठे मांडायची ते.

तिसरा थर जावास्क्रिप्ट, म्हणजेच आपण ज्याला 'स्क्रिप्ट' म्हणतो ते. हा गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम. पान न बदलता कार्टचा आकडा वाढवणं, टाइप करता करता पर्याय सुचवणं, फोटो सरकवणं ही त्याची कामं.

इतिहासात थोडं डोकावूया. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९९१ साली पहिली वेबसाइट सुरू केली. त्यात होता फक्त मजकूर आणि लिंक. जावास्क्रिप्ट आली १९९५ मध्ये. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचं पहिलं रूप अवघ्या १० दिवसांत तयार केलं. म्हणजे वेब आधी आली, स्क्रिप्ट नंतर. लिंकवर जाणं, फॉर्म भरून पाठवणं ही कामं ब्राउझरला मुळातच येतात, त्याला स्क्रिप्ट लागतच नाही.

आता आपल्या दुकानात या. काउंटरवर बिलिंग मशीन आहे, इलेक्ट्रॉनिक काटा आहे. लाइट गेली तर तुम्ही शटर पाडता का? नाही ना! ड्रॉवरमधून पावती पुस्तक काढता, हिशोब हातानं करता आणि माल देता. थोडा वेळ जास्त लागतो, पण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नाही.

स्क्रिप्ट म्हणजे बिलिंग मशीन. साधा एचटीएमएल फॉर्म म्हणजे पावती पुस्तक. माझ्या वेबसाइटवर मशीन चकाचक होतं, पावती पुस्तकच नव्हतं.

स्क्रिप्टशिवाय येतं कोण?

"आजकाल स्क्रिप्ट बंद कोण ठेवतं?" असं मला वेबसाइटवाल्यानंही विचारलं होतं. चला, मोजूया.

१) मुद्दाम बंद ठेवणारे. काही लोक सुरक्षेसाठी किंवा जाहिरातींचा पिच्छा नको म्हणून स्क्रिप्ट रोखतात. फायरफॉक्ससाठी नोस्क्रिप्ट नावाचं एक्स्टेन्शन २००५ पासून आहे. टॉर ब्राउझरमध्ये सुरक्षेची सगळ्यात कडक पातळी निवडली, की सगळ्याच साइटवर जावास्क्रिप्ट बंद होते.

२) ऑफिसचे कॉम्प्युटर. माझे पुण्याचे साहेब यातले. तिथे बंद-चालू त्यांच्या हातात नसतं, आयटी विभागाच्या हातात असतं. आणि मोठी ऑर्डर कुठून येते? ऑफिसमधूनच.

३) अर्धवट नेटवर्क. घाटात, एसटीत, बाजाराच्या गर्दीत. पान येतं, पण स्क्रिप्टची फाइल वाटेत अडकते. माझ्या काकू यातल्या. त्यांनी काहीच बंद केलं नव्हतं.

४) जुने फोन. नवीन पद्धतीनं लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला समजत नाही. फाइलमध्ये एक न समजणारी ओळ आली, तर अख्खी फाइलच चालत नाही.

५) डेटा वाचवणारे ब्राउझर. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्याच्या कडक मोडमध्ये पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर तयार करतो आणि दाबून छोटं करून फोनवर पाठवतो. तिथे स्क्रिप्टला फार थोडा वेळ मिळतो. नंतर फोनवर 'हळूच येणाऱ्या' गोष्टी येतच नाहीत.

६) माणूस नसलेले पाहुणे. हा मुद्दा सगळ्यांसाठी! तुम्ही व्हॉट्सॲपवर लिंक टाकता तेव्हा खाली फोटो आणि नाव दिसतं ना? ती माहिती काढताना स्क्रिप्ट चालवली जात नाही, पानाच्या एचटीएमएलमध्ये जे लिहिलंय तेच उचललं जातं. तिथे काही नसेल तर कोरी लिंक जाते, आणि कोरी लिंक बघून लोकांना फसवणुकीची शंका येते. गूगलचा बॉट स्क्रिप्ट चालवतो, पण आधी साधं एचटीएमएल वाचतो. स्क्रिप्ट चालवून पान बघायचं काम वेगळ्या रांगेत जातं.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. स्क्रिप्टची फाइल उतरून चालू होईपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक स्क्रिप्टशिवायच असतं. चांगल्या नेटवर तो एखादा सेकंद असतो. खराब नेटवर तेवढ्यात माणूस निघून जातो.

एक खरा आकडा

ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागानं २०१३ मध्ये त्यांच्या मुख्य सरकारी वेबसाइटवर हे मोजलं. त्यांना दिसलं, की १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोचत नव्हती. म्हणजे साधारण ९३ माणसांत एक. यातली खरी गंमत पुढे आहे. ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट बंद असलेले किंवा ती सोयच नसलेले फक्त ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्के लोकांच्या ब्राउझरला स्क्रिप्ट चालवता येत होती, तरी ती चालली नाही. नेटवर्क, फिल्टर, वाटेतला कुठलातरी बिघाड, काहीही कारण असेल.

हा आकडा तिकडचा आणि जुना आहे, तो आपल्या दुकानाला तसाच लावू नका. पण त्यातून शिकायचं एवढंच, की 'बंद ठेवणारे' थोडे असतात, 'न पोचलेले' जास्त असतात. आणि न पोचलेला माणूस तक्रार करत नाही. तो पुढच्या दुकानात जातो.

बिघाडाचं एक उदाहरण देते. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या स्काय ब्रॉडबँडच्या घरगुती फिल्टरनं चुकून जेक्वेरीची फाइल देणारी साइटच धोकादायक समजून अडवली. जेक्वेरी म्हणजे त्या काळी असंख्य वेबसाइट वापरत असलेलं तयार स्क्रिप्टचं पॅकेज. ज्या साइट ती फाइल तिथून घेत होत्या, त्यांची बटणं फिल्टर लावलेल्या घरांत चालेनात. दुकानदारांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. फक्त त्यांच्याकडे पावती पुस्तक नव्हतं.

पाच मिनिटांची तपासणी

आता फोन हातात घ्या. अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडा.

- वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा.
- 'साइट सेटिंग्ज' उघडा, त्यात 'जावास्क्रिप्ट' शोधा आणि बंद करा.
- आता तुमची वेबसाइट नव्यानं उघडा.
- तपासून झालं की स्क्रिप्ट परत चालू करायला विसरू नका! नाहीतर उद्या बाकीच्या साइट बिघडल्या म्हणून मला शिव्या द्याल.

पान उघडल्यावर वहीत पाच प्रश्नांची उत्तरं हो-नाहीमध्ये लिहा.

१. दुकानाचं नाव आणि आपण काय विकतो ते दिसतंय का?
२. माल आणि भाव दिसतोय का?
३. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येतंय का?
४. फोन नंबर आणि पत्ता दिसतोय का?
५. ऑर्डर किंवा चौकशी पाठवता येते का, आणि ती खरंच तुमच्यापर्यंत पोचते का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फॉर्म नुसता दिसून उपयोग नाही. भरा, पाठवा, मेल आला का बघा.

माझ्या साइटला पहिल्यांदा पाचपैकी शून्य मार्क पडले होते. फक्त फिरणारा गोल दिसत होता.

दुरुस्ती कशी करायची?

आम्ही एक-एक करून या गोष्टी सुधारल्या. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच क्रमानं देते.

१. मजकूर आणि भाव पानातच हवेत. काही साइटवर सर्व्हरकडून रिकामं पान येतं आणि सगळा माल स्क्रिप्ट आणून मांडते. म्हणजे दुकान रिकामं आणि माल गोडाऊनमध्ये. मशीन चाललं तर माल बाहेर. वेबसाइटवाल्याला सांगा, "पान सर्व्हरवर तयार होऊन आलं पाहिजे, किंवा स्टॅटिक पान करा." हे शब्द त्याला कळतात. आमच्याकडे मोजून २२ प्रकारचा माल. त्याला स्टॅटिक पान पुरेसं आहे.

२. 'हळूच दिसणाऱ्या' मजकुरावर लक्ष ठेवा. बऱ्याच तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर आधी लपवलेला असतो, मग स्क्रिप्ट तो सुंदरपणे दाखवते. स्क्रिप्ट आली नाही तर मजकूर लपलेलाच राहतो. हा परिणाम हवाच असेल तर नियम उलटा करा. मजकूर आधी दिसू दे. स्क्रिप्ट चालू झाली तरच तिनं लपवून दाखवायचा खेळ करावा. आम्ही तो खेळच काढून टाकला. हळद सरकत आली म्हणून कोणी जास्त घेत नाही.

३. लिंक खरी हवी. काही 'लिंक' दिसायला लिंक असतात, पण आत फक्त स्क्रिप्ट असते. ओळखायची सोपी युक्ती : फोनवर लिंक दाबून धरा. 'नवीन टॅबमध्ये उघडा' असा पर्याय आला तर खरी असण्याची शक्यता जास्त. काहीच आलं नाही तर ती लिंक खोटी. पक्की खात्री स्क्रिप्ट बंद करून दाबल्यावरच होते.

४. मेन्यू उघडा ठेवा. पाच-सहा पानांच्या साइटला लपवलेला मेन्यू कशाला? सरळ ओळीत लिंक द्या. प्रश्नोत्तरांसारखा मजकूर मिटवून ठेवायचा असेल तर एचटीएमएलमध्ये 'डिटेल्स' आणि 'समरी' असे दोन टॅग आहेत. दाबलं की उघडतं, परत दाबलं की मिटतं, स्क्रिप्ट लागत नाही.

५. फोटो. 'खाली सरकल्यावरच फोटो लोड होऊ दे' यासाठी पूर्वी स्क्रिप्ट लावायचे. ती चालली नाही तर फोटोच्या जागी करडे चौकोन. आता ब्राउझरमध्येच ही सोय आहे, फोटोच्या टॅगमध्ये 'लोडिंग'ची किंमत 'लेझी' ठेवायची, झालं. प्रत्येक फोटोला 'ऑल्ट' मजकूर द्या : "कांदा-लसूण मसाला, अर्धा किलो पाकीट". फोटो आला नाही तरी गिऱ्हाइकाला काय आहे ते कळतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांचा फोन तेच वाचून दाखवतो.

६. ऑर्डर फॉर्म. इथेच माझे ७८ हजार गेले, म्हणून नीट वाचा. फॉर्मला स्वतःचा पत्ता हवा, म्हणजे 'पाठवा' दाबल्यावर माहिती कुठल्या पानाकडे जायची ते फॉर्ममध्येच लिहिलेलं हवं. मग ब्राउझर ती स्वतः पाठवतो. सर्व्हर ती घेतो, साठवतो आणि "तुमची ऑर्डर मिळाली, नंबर अमुक" असं नवीन पान दाखवतो. नाव, फोन हे भरलंच पाहिजे असं हवं असेल तर 'रिक्वायर्ड' लिहिलं की ब्राउझरच अडवतो.

पण तपासणी सर्व्हरवरही हवीच. बिलाची बेरीज तर फक्त सर्व्हरवरची धरा. ब्राउझरमध्ये केलेली बेरीज माहितगार माणूस बदलू शकतो. ६५० चा बॉक्स ६५ ला गेला तर हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणजे हे काम नुसतं स्क्रिप्ट नसलेल्यांसाठी नाही, आपल्या गल्ल्यासाठी आहे.

७. कार्ट लागतेच का? माल कमी असेल तर एकाच पानावर यादी द्या, प्रत्येकासमोर 'किती पाकिटं' असा चौकोन, खाली नाव-पत्ता आणि 'ऑर्डर पाठवा'. एकूण रक्कम पुढच्या पानावर दाखवा आणि 'नक्की करा' असं बटण द्या. अगदी किराण्याच्या यादीसारखं. स्क्रिप्ट असेल त्यांना बेरीज तिथल्या तिथे दिसेल, नसेल त्यांना पुढच्या पानावर. दोघांचीही ऑर्डर येते.

८. फोन आणि व्हॉट्सॲप. दोन्ही साध्या लिंकनं होतात, तरंगणारी विजेट नको. फोनसाठी 'टेल' प्रकारची लिंक. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ लावून द्या, पुढे अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मधे रेघ नको. आणि नंबर अक्षरांत पानावर छापाच. कॉम्प्युटरवर बघणारा माणूस तो बघून आपल्या फोनवरून लावतो.

९. नकाशा. नकाशाची चौकट स्क्रिप्टशिवाय रिकामी दिसते. खाली पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि नकाशाची लिंक द्या. "एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं" हे वाक्य कुठल्याही नकाशापेक्षा लवकर लोड होतं.

१०. कॅप्चा. 'मी रोबोट नाही' हा चौकोन बहुतेक वेळा स्क्रिप्टवर चालतो, म्हणजे खरं गिऱ्हाईकही बाहेर. छोट्या साइटसाठी सापळ्याची रिकामी जागा ठेवतात. माणसाला न दिसणारा एक चौकोन, त्यावर 'ही जागा रिकामी ठेवा' असं लिहिलेलं. बॉट तोही भरतो, आणि सर्व्हर असा फॉर्म बाजूला काढतो. सगळे बॉट यात अडकत नाहीत, पण आमच्याएवढ्या दुकानाला पुरतं.

'नोस्क्रिप्ट' टॅगच्या भरवशावर राहू नका

वेबसाइटवाला म्हणेल, "काळजी करू नका मॅडम, मी एक नोस्क्रिप्ट टॅग टाकतो." हा टॅग स्क्रिप्ट बंद असेल तेव्हाच आतला मजकूर दाखवतो. बहुतेक ठिकाणी त्यात लिहिलेलं असतं, "कृपया जावास्क्रिप्ट चालू करा". म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं, की आधी तुझ्या घरची लाइट नीट करून ये, मग माल देतो!

दुसरी अडचण मोठी आहे. माझ्या पाटणच्या काकूंची स्क्रिप्ट बंद नव्हती, चालूच होती. फाइल पोचली नव्हती एवढंच. अशा वेळी नोस्क्रिप्टमधला मजकूर दिसतच नाही, कारण ब्राउझरच्या हिशोबानं स्क्रिप्ट चालू आहे. वरचे आकडे आठवा. ०.२ टक्क्यांना हा टॅग मदत करेल, ०.९ टक्क्यांना नाही. म्हणून पाया साधा ठेवायचा आणि त्यावर सजावट चढवायची.

या पद्धतीला नाव आहे, 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट'. २००३ मध्ये स्टीव्ह चँपियन आणि निक फिंक यांनी अमेरिकेत ऑस्टिनच्या एका परिषदेत ते मांडलं. आधी सगळ्यांना पोचेल असा गाभा, मग ज्याच्याकडे जास्त सोय आहे त्याला जास्त. कोटेशन मागताना हा शब्द वापरा, समोरचा सावरून बसतो.

सगळंच होतं का? नाही

खोटं सांगणार नाही. काही गोष्टींना स्क्रिप्ट लागतेच. लाइव्ह चॅट, टाइप करता करता सुचवणारा सर्च, आणि बहुतेक पेमेंट गेटवेचं पान. तिथे पर्याय द्यायचा. सर्चचा साधा फॉर्म ठेवा, निकाल पुढच्या पानावर. पेमेंटसाठी यूपीआय आयडी अक्षरांत आणि क्यूआरचा साधा फोटो द्या, किंवा "ऑर्डर पाठवा, आम्ही फोन करून पेमेंट घेतो" एवढी सोय ठेवा. मोठ्या ऑर्डरला लोक तसंही आधी बोलूनच पैसे देतात.

तयार प्लॅटफॉर्मवर दुकान असेल तर आतलं कोड तुमच्या हातात नाही. तरी तपासणी करा. दोन-तीन थीम लावून बघा आणि कुठली स्क्रिप्टशिवाय भाव आणि नंबर दाखवते ती निवडा. गरज नसलेली ॲड-ऑन काढा. प्रत्येक ॲड-ऑन म्हणजे आणखी एक फाइल, जी वाटेत अडकू शकते.

आणि हो, स्क्रिप्ट वाईट नाही. आमच्या साइटवर आजही आहे. बिलिंग मशीन आम्ही विकलेलं नाही!

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

नंतर दुरुस्त करणं महाग पडतं. मला दुरुस्तीचे वेगळे १२ हजार द्यावे लागले. सुरुवातीलाच या ओळी कामाच्या कागदात टाका :

- जावास्क्रिप्ट बंद असताना सगळा मजकूर, भाव, फोटो आणि संपर्क दिसला पाहिजे.
- सगळ्या लिंक स्क्रिप्टशिवाय चालल्या पाहिजेत.
- ऑर्डर आणि चौकशीचा फॉर्म स्क्रिप्टशिवाय पाठवता आला पाहिजे, सर्व्हरवर तपासला गेला पाहिजे.
- व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर नाव, ओळ आणि फोटो दिसला पाहिजे.
- शेवटचा हप्ता ही तपासणी माझ्यासमोर, माझ्या फोनवर झाल्यावरच.

शेवटची ओळ विसरू नका. कागदावरची अट आणि फोनवरची तपासणी यात फरक असतो.

पुढे काय झालं?

पुण्याची ती कंपनी परत आली नाही. त्यांना दुसऱ्याचे बॉक्स आवडले असतील, आणि एकदा लागलेलं गिऱ्हाईक सहज हलत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. तो तोटा तोटाच राहिला.

पण गेल्या दिवाळीत एका रात्री दहा वाजता ऑर्डर आली. चिवडा दोन किलो, कांदा-लसूण मसाला तीन पाकिटं, पत्ता पाटणकडचा. मी लगेच फोन केला, "काकू, नेट चाललं का?" त्या म्हणाल्या, "नेट कुठलं चालतंय गं, पण तुझं पान आलं बघ."

या आठवड्याचा गृहपाठ

१. पाच मिनिटांची तपासणी करा आणि पाचपैकी किती मार्क पडले ते वहीत तारखेसह लिहा.
२. स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर आपल्या एका मालाची लिंक पाठवून बघा, काय दिसतं ते.
३. स्क्रिप्ट बंद ठेवून स्वतः एक ऑर्डर टाका. नुसतं बटण दाबून थांबू नका, ऑर्डर तुमच्या हातात येईपर्यंत बघा.
४. अजून वेबसाइट केलीच नसेल तर उत्तम! कोटेशनच्या पाच ओळी आजच लिहून ठेवा.

पाचपैकी शून्य पडले तरी घाबरू नका. माझेही तेवढेच होते. सगळं एका दिवसात नाही झालं तरी फोन नंबर, भाव आणि फॉर्म, या तीन गोष्टी आधी करा.

पुढच्या व्हिडिओत बघूया, मालाचे फोटो साध्या फोननं कसे काढायचे आणि त्यांची साइज कशी कमी करायची. तोपर्यंत शटर उघडं ठेवा, आणि पावती पुस्तक ड्रॉवरमध्ये असू द्या. भेटूया!